ता. म्हणजे तांबडा

लखनौ
२५ सप्टेंबर १९८३

श्री. श्रीपत सरतापे यांस,

अकरा सप्टेंबरला, रविवारी, दुपारी सव्वाचार वाजता तुमच्या बहिणीनं पिकअपच्या बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं, आणि कपाळाला ग्रीस तसंच ठेवून रस्त्यानं जाणाऱ्या मला विचारलं, "आप वही हैं न, मराठी मंडळाच्या नाटकाला लाइट लावलेले? वायरिंग येतं का?" त्या क्षणी माझं सगळं बदललं. म्हणजे मला काम मिळालं, एवढंच म्हणायचं आहे. गैरसमज नको.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी तुमच्याच अंगणात होतो. कमल टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर. तुमच्या आईंना वाचता येत नाही. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं, "वाच बाबा, श्रीपतचं आहे." मी वाचलं. मोठ्यानं. "तो कॉलेजातून पळालेला बामणाचा पोरगा अण्णांच्या गाडीला हात लावता कामा नये. त्याला करंट कळत असता तर तो वर्गात बसला असता." हे वाक्य दोनदा वाचावं लागलं, कारण पहिल्या वेळी आईंना नीट ऐकू आलं नाही.

दोन्ही वेळा मी तोंड वाकडं केलं नाही. आता करतो. मी पळालेलो नाही, सोडलं आहे. तिसऱ्या वर्षाला इलेक्ट्रिकलमध्ये होतो. प्रोफेसर सगळ्यांसमोर म्हणाले, "देवस्थळी, बाप साइंटिस्ट असला म्हणून मुलगा होत नाही." मी व्होल्टमीटर त्यांच्या टेबलावर ठेवला. थोडा जोरात. काच फुटली. बास.

आता कामाचं. तुमचे वडील मार्चमध्ये गेले, क्वार्टर त्यांच्या नावावर होतं, तीस नोव्हेंबरच्या आत ते सोडायचं आहे. तुम्ही आई आणि बहिणीला जबलपूरला नेणार आणि पिकअप भंगारात घालणार, असं तुम्ही परस्पर ठरवलं. आईंनी मात्र वेगळी अट घातली आहे. "ह्यांची गाडी चालू झाली तर सामान तीच नेईल आणि आपण लखनौतच खोली घेऊ. नाही झाली तर श्रीपतकडे." बंपरपासून डॅशबोर्डपर्यंत सगळ्या वायरी जळलेल्या, उंदरांनी खाल्लेल्या आहेत. वायरिंगचा नकाशा वडिलांच्या कागदांबरोबर तुम्ही जबलपूरला नेलात. तो पाठवा. हिंमत असेल तर.

चंद्रहास देवस्थळी


जबलपूर
३ ऑक्टोबर १९८३

श्री. देवस्थळी,

जयभीम. उत्तर द्यायची इच्छा नव्हती. आईनं शेजारच्या गजेंद्रबाबूंकडून हिंदीत पोस्टकार्ड लिहून घेतलं, "नक्शा भेजो", म्हणून पाठवतोय. नकाशा कमलच्या नावानं रजिस्टर केला आहे, तुमच्या नाही. काम झालं की तिच्या हातात परत द्यायचा.

मी बसच्या डेपोत नऊ वर्षं इलेक्ट्रिशियन आहे. तुमच्यासारखे अर्धे शिकलेले मी पाहिलेत. त्यांना पूर्ण अडाण्यापेक्षा जास्त भ्यावं लागतं. अडाणी निदान विचारतो.

तीन गोष्टी सांगतो. फ्यूज आधी, दिवे मग. टेस्ट लॅम्प लावल्याशिवाय एकही जोड टेपनं गुंडाळायचा नाही. आणि अंगणात काम आहे, अंगणातच थांबायचं. ती तुमच्यापेक्षा वर्षानं मोठी आहे, नोकरी करते. तुमच्या पत्रात तिचं नाव तुम्ही नुसतं "कमल" लिहिलंत. कुणाच्या परवानगीनं?

एक विचारतो. तीन आठवडे तुम्ही आमच्या घरी जाता. तुमच्या घरी काय सांगून निघता?

श्रीपत सरतापे


लखनौ
१४ ऑक्टोबर १९८३

श्रीपतराव,

नकाशा मिळाला. मिळाला म्हणजे काय, कमलनी (बरं, कमलजींनी) तो स्वतः माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "सँभालके. एकच आहे." एका हातानं त्यांनी तो धरलेला, एका हातानं मी, मध्ये निदान चार सेकंद गेले. तुमच्या रजिस्टर पोस्टाचे आभार.

पण हा नकाशा आहे का चेष्टा? मूळ इंग्रजी पुस्तकातून कुणा तिसरीतल्या पोरानं काढल्यासारखा वाटतो. दिवे म्हणजे सूर्य काढलेत, किरणांसकट! हॉर्नला कान काढलेत. आणि रंगांची अक्षरं मराठीत! हि., पां., नि., का., ता. सगळ्या दुनियेत इंग्रजी अक्षरं चालतात, पण सरतापेंच्या घरात नाही. तुम्ही काढला असाल तर डेपोतल्या बसगाड्यांची मला दया येते.

तरी मला तो कळला. एका दुपारीत. पुढचा वायरींचा सगळा जुडगा नवा करतोय, वायर लाटूश रोडवरून आणली. डॅशबोर्डची आणि मागची जुनी टोकं चांगली आहेत, त्यांना नव्या वायरी जोडायच्या.

तुमच्या आईंनी मला "आत ये, चहा घे" म्हटलं, मी आत गेलो. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली. तुमची अट मी मोडली, लिहून ठेवा.

घरी काय सांगतो? ते माझं मी बघीन. नकाशात एक अक्षर असं आहे जे तुम्हाला जन्मात कळणार नाही. मला कळलं. त्यावर मी अजून शंभर दिवस काम करू शकतो.

चंद्रहास


जबलपूर
२९ ऑक्टोबर १९८३
(पोस्टकार्ड)

श्री. देवस्थळी,

कुठलं अक्षर? नकाशात जे कळलं नसेल ते विचारा. नकाशातलं अक्षर कोडं नसतं. एक चुकलं की गाडी जळते.

श्रीपत


लखनौ
८ नोव्हेंबर १९८३

सरतापे,

अभिनंदन. जळाली.

परवा रविवारी सकाळी अकराला बॅटरी जोडली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तुमच्या आईंनी नारळ तयार ठेवला होता. मी हेडलाइट लावले, मग हॉर्न दिला, आणि डॅशबोर्डखालून धूर आला. आधी वास, मग धूर, मग ज्वाळा. मी बॅटरीचं टर्मिनल सोडवायला दहा नंबरचा पाना शोधत होतो. सापडेना. कमलनी हातानंच टर्मिनल उपटलं. उजवा तळवा भाजला, फोड आलेत. आईंनी अंथरुणातली गोधडी आणून आगीवर टाकली. गोधडीला मोठं भोक पडलं. त्यांच्या सासूची होती म्हणे.

जळाली ती मागच्या दिव्यांची बारीक वायर. सगळ्या गाडीचा करंट त्या वायरीतून गेला. का गेला? कारण तुमच्या नकाशात तसंच आहे! मी चार वेळा तपासलं. "ता." मागच्या दिव्यांपासून निघते. जुन्या टोकांमधलं तांबई, म्हणजे तपकिरी रंगाचं टोक मी शोधलं आणि तिला जोडलं. ते टोक निघालं बॅटरीचं, मेन लाइनचं.

तुम्ही मुद्दाम चुकीचा नकाशा पाठवलात. गाडी चालू झाली तर आई आणि बहीण तुमच्या हातातून जाते, म्हणून. स्वतःच्या बहिणीचा हात जाळलात तुम्ही. माझ्यासमोर असतात तर पक्कडीनं तुमचं नाक धरलं असतं.

बावीस दिवस राहिलेत. तुम्ही ट्रक पाठवायच्या तयारीत असालच. पाठवू नका. मी हरलेलो नाही.

चंद्रहास देवस्थळी


जबलपूर
१४ नोव्हेंबर १९८३

चंद्रहास,

आता अहोजाहो संपलं.

ता. म्हणजे तांबडा. तांबडा म्हणजे लाल. लखनौत राहून तुला हिंदीतला तांबई आठवला, म्हणून तांबडा तपकिरी झाला काय? माझी आई रोज तांबडं फुटताना उठते. त्या वेळी आभाळ चहासारखं दिसतं का तुझ्याकडे? मराठी मंडळात नाटकाला लाइट लावतोस आणि मराठीतला रंग ओळखत नाहीस.

तपकिरीला आमचे अण्णा "चहाचा" म्हणायचे. टेलिफोनच्या केबली जोडण्यात त्यांची सगळी उमर गेली, शंभर रंगांच्या तारा हाताखालून गेल्या, आणि प्रत्येक रंगाला त्यांचं एक नाव असायचं. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत त्या नकाशात तीन ठिकाणी "च." लिहिलंय. ठळक. ते तुला दिसलं नाही? का दिसलं आणि कळलं नाही आणि विचारायला लाज वाटली? कार्ड टाकून मी तुला विचार म्हणालो होतो. आणि मी तर इतक्या लांब. तिथं अंगणात दोन हातांवर जिला विचारता आलं असतं ती उभी होती. तिला का नाही विचारलंस?

मीच सांगतो. तो नकाशा मी काढलेला नाही. कमलनं काढलाय. आठवीत होती. अण्णांना इंग्रजी वाचता यायचं नाही, ती पुस्तकातून वाचायची, अण्णा रंग सांगायचे, ती लिहायची. सूर्य तिचे, हॉर्नचे कानही तिचेच. दोन महिने तू तिच्या मागं मागं फिरतोस आणि तिचं अक्षर ओळखत नाहीस. तिसरीतलं पोर म्हणालास ना?

आणि एक. माझी आई पत्रात काही कळवत नाही, पण गजेंद्रबाबूंच्या बायकोनं कळवलंय. दिवाळीच्या आधी तू आईबरोबर अमीनाबादेत गेलास. चिकनच्या कपड्याच्या दुकानापुढं कमल समोर आली. तिनं नमस्ते केलं. तुझ्या आईनं विचारलं, "ओळखीची का रे?" आणि तू म्हणालास, "नाही, कॉलेजातली कुणी असेल." गजेंद्रबाबूंची बायको मागंच उभी होती. ती यूपीची, पण बारा वर्षं आमच्या शेजारी काढून मराठी समजते.

त्या दिवशी संध्याकाळी तू पुन्हा आमच्या अंगणात आलास. भाकरी खाल्लीस. कमलनं वाढली.

माझा ट्रक सव्वीसला निघतो. पक्कड घरी ठेव. नाक धरायचं तर आरशासमोर धर.

श्रीपत


लखनौ
२० नोव्हेंबर १९८३

दादा / चंद्रहासजी,

कार्बन लावून लिहिते आहे. दोघांना एकच पत्र, म्हणजे कुणाला जास्त कुणाला कमी असं व्हायला नको. ज्यानं आपलं नाव वाचायचं त्यानं वाचावं, दुसरं खोडावं. डावा हात आहे, अक्षर वाकडं येईल. पुन्हा तिसरीतल्या पोराचं वाटेल.

दादाची सगळी पत्रं मी वाचली आहेत, चंद्रहासजींनी काय लिहिलं ते त्यांतूनच कळलं. चंद्रहासजी दादाची पत्रं आमच्या पिकअपच्या सीटवर ठेवतात. आणि दादा, तू पाकिटावर माझं नाव घालून आत चंद्रहासजींना लिहितोस. मग मी उघडणारच.

गाडी चालू आहे. जळालेला तुकडा मी कापला, नवी तांबडी वायर टाकली, जाड चहाची पुन्हा ओढली. आईनं टेप गुंडाळली, मी टेस्ट लॅम्प धरला. दोन रविवार लागले. फ्यूज आधी, दिवे मग, दादाचं बरोबर होतं. दादा, तुझा ट्रक पाठवू नकोस. गाडी चालू झाली, आईनं शब्द दिला होता आणि ती तो पाळते आहे. इंदिरा नगरला सी ब्लॉकमध्ये खोली मिळाली, घरमालकीण मधुमती आमच्या एक्स्चेंजमधली आहे. तू ये, ट्रक नको.

सत्तावीसला रविवारी सामान हलवतोय. मी चालवणार. तळव्याला पट्टी आहे, पण गिअर बदलता येतो. चंद्रहासजींना यायचं असेल तर दुपारी दोनला यावं. कपाटाला पुरुषमाणूस लागेल. यायचं नसेल तर नकाशा परत पाठवावा.

पत्रांत मी कुठं राहणार, कुणाकडे राहणार, यावरून तुम्ही दोघं खूप भांडलात. आता वाचून झालं. पुरे.

कमल सरतापे


जी.पी.ओ., हजरतगंज, लखनौ
२८ नोव्हेंबर १९८३

श्रीपतराव,

काउंटरच्या दोरीला बांधलेल्या पेननं लिहितोय, शाई अडकते. माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला बरं वाटेल, आणि तुम्हाला बरं वाटावं अशी माझी अजून इच्छा नाही.

आधी ते अक्षर सांगून टाकतो. "च." मी पाहिलं होतं. तिन्ही ठिकाणी पाहिलं. नकाशा जबलपूरहून येऊन तिच्या हातून माझ्याकडे आला, मला वाटलं मधल्या वेळात ते तिनं लिहिलं. चंद्रहासचा च. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत, मेन लाइनवर, माझं नाव. तपकिरीला मग अक्षरच उरलं नाही, म्हणून ता. तांबई झाला. शाई जुनी होती, कागद जुना होता, ते दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी मानलं नसतं. हसा आता. डेपोत सगळ्यांना वाचून दाखवा.

काल दोनला गेलो. कपाट चढवलं, आईंची ट्रंक, चूल, बुद्धाची तसबीर, भोक पडलेली गोधडी. कमलनी मला मागं उभं केलं, "बघा, ता. लागतोय का." ब्रेक दाबला. दोन्ही दिवे लागले, तांबडे. मी म्हटलं, "हां, ता." त्या हसल्या नाहीत.

पुढच्या सीटवर तिघं. कमल स्टिअरिंगला, आई मध्ये, मी दाराला. फैजाबाद रोडपर्यंत गाडी अशी चालली की मी आईंच्या ट्रंकेएवढा फुगलो होतो. मग इंदिरा नगरचं पहिलं वळण आलं. सी ब्लॉकचा रस्ता ए ब्लॉकमधून जातो. ए ब्लॉकमध्ये आमचं घर आहे, आणि रविवारी त्या वेळी माझी आई बागेत पाइप धरून असते.

मी म्हणालो, "पुढच्या वळणावरून घ्या ना. ए ब्लॉकमध्ये रस्ता खोदलाय."

तुमच्या आई म्हणाल्या, "कधी रे? काल तर मी रिक्षानं तिथनंच आले."

कमलनी गिअर बदलला, पट्टीच्या हातानं, आणि सरळ ए ब्लॉकमध्ये गाडी घातली. आमच्या फाटकापुढं थांबवली. पाटी वाचली. डॉ. गोपीनाथ देवस्थळी. आणि अगदी हळू, लखनौच्या पद्धतीनं म्हणाल्या, "ये आप ही का घर है न? आप यहीं उतर जाइए."

मला तुमच्या सगळ्या शिव्या चालल्या असत्या. ते "आप" नाही.

नकाशा माझ्या शर्टात होता. सीटवर ठेवला आणि उतरलो. त्या पिकअपचं दार एका ओढण्यात लागत नाही, तुम्हाला माहीत असेल. मी पहिल्यांदा ओढलं तेव्हा आईनं पाइप खाली ठेवला. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा ती फाटकात आली होती. गाडी गेली. मागचे दिवे वळणावर लागले, मग दिसेनासे झाले.

"कोणाचा रे ट्रक?"

"सरतापेंचा. टेलिफोनमधल्या. ती चालवत होती ती कमल. अमीनाबादेत तिनंच नमस्ते केलं होतं. मी खोटं बोललो होतो."

"आत ये. लोक बघतायत."

आत गेलो. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली ठेवला नाही, नुसता वाचायचा थांबवला. आईनं एकच विचारलं, "तिथं जेवत होतास?" हो म्हटलं. "किती दिवस?" सप्टेंबरपासून. तिनं ओट्यावरच्या कपबश्यांतून माझा कप उचलला आणि खिडकीत वेगळा ठेवला. रागानं नाही हो. तिनं ठरवून केलं असं मला वाटत नाही. हात गेला. ती शिकलेली बाई आहे, बाबांचे पेपर तीच टाइप करते. पण हात गेला, आणि बाबांनी ते बघितलं, आणि पुन्हा पेपर वाचायला घेतला.

तुम्ही पहिल्याच पत्रात विचारलं होतंत, घरी काय सांगून निघतोस. मी सांगत होतो, लायब्ररीत जातो. अडीच महिने.

मी तिच्या मागं सी ब्लॉकला गेलो नाही. जाणारही नाही. तिनं उतरवलंय, मी उतरलोय. तिथं जाऊन तोंड दाखवलं तर माझ्यात आणि न विचारता येणाऱ्या तुमच्या त्या ट्रकमध्ये काय फरक? लालबागमध्ये एक म्हातारा ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, लक्ष्मीकांत मिश्रा. नकाशाचा कागद तो पाहत नाही, पण एक नियम आहे त्याचा, जोडण्याआधी विचार, नाहीतर कान पिळतो. त्याच्या दुकानावरची खोली रिकामी आहे. आजपासून तिथं.

आज सकाळी आईनं चहा दिला. त्याच कपात, खिडकीतल्या. तिच्या डोळ्यांखाली सूज होती. मी चहा उभ्यानं प्यायलो. कप स्वतः धुतला, पुसला आणि ओट्यावर जाऊन बाकीच्या कपांमध्ये ठेवला, बरोबर मध्यभागी. आईनं तो पुन्हा उचलला नाही. बाकीच्यांत नीट लावलाही नाही. नुसती बघत राहिली.

"दुपारी येशील?"

मी पिशवी घेतली. आमचं दार त्या पिकअपसारखं नाही, एका ओढण्यात लागतं. बाहेर आलो, ओढलं. लागलं.

चंद्रहास